काकूंची गच्ची : वाचकांचे प्रश्न

दसरा झाला, पाऊस उघडला, की माझ्याकडे पत्रांचा ढीग वाढतो. चार महिने लोक गच्चीकडे फिरकत नाहीत, आणि सोयाबीन निघाल्याबरोबर सगळ्यांना एकदम शेतकरी व्हायचं असतं. यंदाच्या बहुतेक पत्रांचं वळण एकच आहे : उत्साहाने सुरू केलं आणि महिन्याभरात बारा वाजले. त्यातली काही निवडली आहेत. नावं छापायची नाहीत असं बऱ्याच जणांनी बजावलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

काकू, नमस्कार. मी जुलैत बँकेतून रिटायर झालो. इंदुरात सुदामानगरला दोन मजली घर आहे, वर मोकळी गच्ची. एकदम पंचवीस कुंड्या आणल्या. शेजारच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चालू होतं, तिथली काळी माती फुकट मिळाली, ती भरली. टोमॅटो, वांगी, मिरची, पालक, सगळं लावलं. पालक उगवलाच नाही, टोमॅटो पिवळे पडून गेले. बायको म्हणते, तुमची बँकच बरी होती. चुकलं कुठे?

आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याशी माझं जमेल.

चूक त्या ‘फुकट’मध्ये आहे. माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र ती दगड होते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. शेतात त्या भेगांतून पाणी आणि हवा खोल जाते. कुंडीत भेग पडते ती कडेने, आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधला गोळा कोरडाच राहतो. पावसाळ्यात याच्या उलट : पाणी वर तुंबतं, मुळं गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात. तुमच्या टोमॅटोचं हेच झालं. आणि पायाच्या खड्ड्यातली माती चार-पाच फूट खालची असते. तिथे ना पालापाचोळा पोचलेला, ना गांडूळ. ती माती मेलेली नाही, पण उपाशी आहे.

एक करून बघा. मूठभर माती ओली करून तिचा लाडू वळा आणि छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडा. फुटून पसरला तर कुंडीत चालेल. नुसता चपटा होऊन बसला तर त्या मातीच्या पणत्या छान होतील, दिवाळी जवळच आहे.

ती माती फेकू मात्र नका. कुंड्या गच्चीवरच उपड्या करा, ढेकळं उन्हात वाळू द्या, फोडा. मग एक तगारी काळी माती, एक तगारी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक तगारी माती मोकळी करणारं काहीतरी : जाड वाळू, भाताचं तूस किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीटची वीट घेतलीत तर भिजवून एकदा पाणी बदला, त्यात क्षार असतात. बारा इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. सगळं कालवून ओलसर करा, पोत्याने झाका आणि दहा-पंधरा दिवस तिकडे बघू नका. हे पंधरा दिवस कुणालाच जमत नाहीत. रिटायर माणसाला तर मुळीच नाही.

शेणखताबद्दल माझं पाप सांगते. सुरुवातीच्या वर्षी एका गोठ्यातून दोन पोती शेण आणलं, वरून वाळलेलं दिसलं म्हणून तसंच मिसळलं. टोमॅटोची चाळीस रोपं होती. आतलं शेण कच्चंच होतं. कुंडीत ते कुजायला लागलं तशी निम्मी रोपं आठवड्यात कोमेजली. उरलेली का मान टाकतायत म्हणून एक कुंडी उलटी केली, तर मुळांशी इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या. हुमणी! शेणातूनच आलेली. तेव्हापासून माझा नियम : शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास आला तर ते अजून खत झालेलं नाही. खताला पहिल्या पावसाचा वास येतो.

वजनाचंही बघा. बारा इंची कुंडीत ओली माती पंचवीस किलोच्या आसपास भरते. पंचवीस कुंड्या म्हणजे गच्चीवर सहाशे किलो. त्या मधोमध मांडू नका, भिंतीच्या आणि बीमच्या ओळीने ठेवा. खाली दोन-दोन विटा द्या, म्हणजे पाणी निघून जाईल आणि स्लॅबला ओल धरणार नाही. घर जुनं असेल तर आधी एखाद्या इंजिनिअरला दाखवा.

आता फक्त पाच कुंड्या भरा. मेथी, पालक, कोथिंबीर, एक टोमॅटो, एक कढीपत्ता. सकाळी नऊला, बाराला आणि चारला चहा घेऊन वर जा आणि सावली कुठे पडते ते बघा. पालेभाजीला तीन-चार तास ऊन पुरतं, टोमॅटोला सहा तरी हवं. मेथी डब्यातलीच पेरा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, त्याशिवाय उगवत नाहीत असं नाही, पण अख्ख्याला वेळ लागतो. पालकाचं बी अर्ध्या इंचापेक्षा खोल गेलं की ते खालीच राहतं, आणि तुमच्या ऑगस्टच्या पावसात वर मातीची पापडी धरली असणार. उरलेल्या वीस कुंड्या वहिनींच्या नजरेआड ठेवा.

काकू, मी निपानियाला फ्लॅटमध्ये राहते. बाल्कनीत कंपोस्टचा डबा सुरू केला. दहा दिवसांत वास, त्यात अळ्या! शेजारच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केली. नवरा म्हणतो, खाली कचरागाडी दारात येते, तिला दे आणि मोकळी हो. आपलं इंदूर स्वच्छतेत नंबर एक आहेच, मग घरी हा उपद्व्याप कशाला?

अगं, तुझा नवरा चुकीचं बोलत नाही. गाडीत गेलेला ओला कचरा वाया जात नाही. देवगुराडियाला बायो-सीएनजीचा, म्हणजे कचऱ्यापासून गॅस करणारा, मोठा प्लांट आहे, फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, दिवसाला 550 टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नकोस. पण तू बाल्कनीत मिरची लावलीयस ना? मग एकीकडे साल गाडीत टाकायची आणि दुसरीकडे खताची पिशवी विकत आणायची, हे मला जरा शेजाऱ्याला दूध देऊन डेअरीतून दूध आणल्यासारखं वाटतं.

आणि तेही इंदुरात! जगभरचे सेंद्रिय शेतीवाले ज्या पद्धतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती इथलीच, पिपल्याहानाच्या बाजूला जिथे आज कृषी महाविद्यालय आहे तिथली. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर संशोधन संस्था उभी केली. तो आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी कपाशीच्या काड्या, उसाचं पाचट, गवत, शेण, गोठ्यातली मुतलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर लावून तीन महिन्यांत खत करून दाखवलं, आणि 1931 मध्ये ते सगळं मांडून छापलं. गंमत अशी की साहेबाने यातलं बरंच इथल्या शेतकऱ्याकडे आणि चीनच्या शेतीकडे बघून घेतलं होतं, आणि तसं कबूलही केलं.

त्या पद्धतीत तुझ्या डब्याचं उत्तर आहे. खड्ड्यातला ढीग ते तीनदा उलथायचे : साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी. का? आत हवा जावी म्हणून. तुझ्या डब्यात हवाच नाही. नुसती भाजीची देठं, कलिंगडाची सालं आणि उरलेला भात एकावर एक दाबलास की पाणी सुटतं, हवा संपते आणि सडतं. सडणं वेगळं, कुजणं वेगळं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त. नाकात झोंबणारा, गोठ्यासारखा वास आला तर हिरवा माल जास्त आणि सुका कमी.

उपाय आजच कर. डबा वर्तमानपत्रावर उलटा कर. (नवरा ऑफिसात असताना.) वीस लिटरची रंगाची बादली असेल तर बुडाला आणि चारी बाजूंनी पेन जाईल एवढी भोकं पाड, खाली ताट ठेव. तळाला चार बोटं वाळका पाला. मग रोजचं साल-देठ एक वाटी, त्यावर सुका माल दोन वाट्या, आणि दर थराला आधीच्या खताची किंवा मातीची एक मूठ. सुका माल कुठून आणायचा ते सांगते : सोसायटीचा माळी पाला झाडून जाळायला निघालेला असतो, त्याच्याकडून पोतंभर माग. उन्हाळ्यात रसाच्या गाडीवरची उसाची चिपाडं वाळवून ठेव. सुताराकडचा भुसाही चालतो, पण साध्या लाकडाचाच, प्लायवूडचा नको, त्यात चिकटद्रव्य असतं. चार दिवसांनी एकदा काठीने खालपासून वर कर. मूठभर उचलून पिळलंस की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नाही.

शिळे पोहे, शेव, तळणाचं काहीही डब्यात नको. इंदुरात राहून हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण तेलाचा थर बसला की हवा बंद.

अळ्यांचं म्हणशील तर करड्या-तपकिरी, चपट्या, वळ्या-वळ्यांच्या असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या आहेत. तुझ्याआधी त्याच कचरा फस्त करतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. वर सुका पाला जाड पसरलास की दिसणंही बंद. शेजारच्या काकूंना अळीचं शास्त्र सांगत बसू नकोस, त्यांना पहिल्या खताची एक पिशवी तुळशीसाठी नेऊन दे.

आणि तीन महिन्यांचा हिशेब तुला दर वेळी लागू नाही. खड्ड्यातला मोठा ढीग आत तापतो, हात घालवत नाही इतका. बादली तापत नाही. आमच्याकडे तिघांच्या स्वयंपाकाची बादली वीस दिवसांत भरते, पण खत व्हायला उन्हाळ्यात तीन आणि थंडीत चार-साडेचार महिने घेते. म्हणून बादल्या सात-आठ हव्यात, आलटून पालटून. ढीग न तापल्यामुळे बियाही मरत नाहीत. खत घातलेल्या कुंडीत टोमॅटोची रोपं आपोआप उगवली तर दचकू नकोस. माझ्याकडचा सगळ्यात चांगला टोमॅटो असाच आला होता, मोगऱ्याच्या कुंडीत.

चहाचा चोथा गुलाबाला रोज घातला तर चालेल का?

धुऊन, वाळवून, आठवड्यातून एक चमचा. दूध-साखरेसकट रोज घातलात तर गुलाब नाही, मुंग्या फुलतील.

टोमॅटोची बुडं काळी पडतात. अंड्याची टरफलं चुरून घातली, फरक नाही.

पडायचा नाही, टरफल मातीत विरघळायला वर्ष घेतं. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बहुधा मातीत नाही, फळापर्यंत पोचत नाही. ते पाण्यासोबत चढतं, आणि तुमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड म्हणून झाडालाही एक दिवसाआड. एकदा कोरडं ठणठणीत, एकदा चिखल. रोज थोडं, ठरल्या वेळी द्या, वर सोयाबीनचा भुसा दोन बोटं पसरा. काळी पडलेली फळं काढून टाका, पुढची सुधारतील.

दुधीचा वेल जाळीवर मस्त चढलाय. फुलं येतात, खाली बोटभर दुधीही दिसतो, आणि चार दिवसांत पिवळा पडून गळतो. खत कमी पडतंय का?

खत नाही, नवरदेव कमी पडतोय. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नुसत्या लांब देठावर असतं ते नराचं. ज्याच्या मागे आधीच इवलासा लवदार दुधी असतो ते मादीचं. परागकण पोचले नाहीत की तो दुधी गळतो.

आता महत्त्वाचं : दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. सकाळी मधमाश्या आल्या तरी तोवर ती मलूल झालेली असतात. रात्रीचे पतंग हे काम करतात, आणि तिसऱ्या मजल्यावर पतंग तुमच्या नशिबावर. तेव्हा दिवेलागणीला वर जा. ताजं नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या मागे सोला, मधला पिवळा दांडा उघडा करा. बोट लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. तो दांडा मादी फुलाच्या मधल्या तीन फुगीर, चिकट पाकळ्यांसारख्या भागावर हलकेच फिरवा, तिन्हीवर. एका नरात दोन-तीन माद्या होतात. चार-पाच दिवसांत तो इवला दुधी मान खाली घालून जाड व्हायला लागला की समजा जमलं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या नातीने विचारलं, आजी, फुलाला मेकअप करतेयस का?

दोडक्याचंही संध्याकाळीच. कारली, काकडी, भोपळा मात्र सकाळचे, आठ-नऊच्या आत.

एवढं मात्र बघा, आता थंडी येतेय. वेल दमला असेल तर नोव्हेंबरात त्याला निरोप द्या, त्याच जाळीवर वाल चढवा.

मिरचीचा चुरडा-मुरडा झालाय. मोबाईलवर कुणीतरी तंबाखूच्या पाण्याचा उपाय पाठवला, ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असं लिहिलंय. फवारू का?

नको. तंबाखूतलं निकोटीन झाडातूनच येतं म्हणून ते सौम्य होत नाही, ते जहाल विष आहे. मिरची तुम्ही खाणार, फवारताना श्वास तुम्ही घेणार. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, हा गैरसमज मोबाईलने गावोगाव पोचवलाय. धोतराही सेंद्रियच असतो.

आधी पान हातात घ्या. कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. खाली वळून उलट्या वाटीसारखं झालं असेल तर कोळी, म्हणजे जाळ्यातला नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, फुलकिडे बारीक रेषांसारखे चालताना दिसतात. चष्मा लावा, मी लावते.

दोन्हीला पहिला उपाय पाण्याचाच. नळीने पानांच्या खालच्या बाजूला जोरात फवारा, तीन दिवस लागोपाठ. मग कडुनिंबाचं तेल : पाच मिली तेल आधी रिठ्याच्या पाण्यात किंवा चार थेंब भांड्यांच्या साबणात घोटा, दुधासारखं पांढरं झालं की एक लिटर कोमट पाण्यात मिसळा. नुसतं तेल पाण्यावर तरंगतं आणि पानं भाजतं. ऊन उतरल्यावर फवारा, आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. मधमाश्या फुलांवर असताना कधीच नाही. शेंडे अगदी गोळा झाले असतील तर आधी छाटा.

आणि पानं अगदी बारीक, शिरा जाड, झाड खुरटं आणि वर पांढऱ्या माश्या उडत असतील तर तो विषाणू आहे, त्याला उपाय नाही. उपटा, पिशवीत बांधा, गाडीला द्या. कंपोस्टमध्ये नको. मला उपटताना दर वेळी वाईट वाटतं आणि मी दर वेळी दोन दिवस उशीर करते, तेवढ्यात शेजारचं झाड जातं. तुम्ही करू नका.

जीवामृत फ्लॅटमध्ये करता येतं का?

येतं, शेजारी चांगले असतील तर. शेण-गोमूत्राच्या या द्रवखताचं पद्मश्री सुभाष पाळेकरांनी शेतासाठी सांगितलेलं माप दोनशे लिटरचं आहे. मी दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि वडाखालची मूठभर माती घालते. सावलीत, वर कापड बांधून, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. तीन दिवसांत तयार, आठवड्यात संपवायचं. एकाला दहा पाणी घालून मातीत द्या. हवाबंद झाकण लावू नका. आमच्या ओळखीच्या एकांनी लावलं होतं, रात्री दोनला झाकण उडालं आणि भिंत महिनाभर तशीच होती.

काकू, माझं माहेर पुण्याचं, लग्न होऊन इंदुरात आले त्याला चाळीस वर्षं झाली. इथे बाजारात अळू मनासारखं मिळत नाही. गच्चीवर येईल का? वडीचं, फतफत्याचं नाही.

येईल की! आमच्याकडे आहे, सासूबाईंच्या वेळेपासून. काळसर देठाचं वडीचं. फक्त ते गच्चीवर ऊन खात ठेवू नका. त्याला पाय सतत ओले आणि डोकं सावलीत हवं. धुण्याच्या मोरीचं पाणी जिथून वाहतं तिथे रुंद टब ठेवा, पण त्यात साबणाचं नाही, भाजी-तांदूळ धुतलेलंच पाणी जाऊ द्या. आरओचं वाया जाणारंही रोज नको, क्षार साठतात. टबात अर्धं कंपोस्ट घाला, अळू फार खादाड. पानं कोवळी असताना कापा, बाहेरची आधी, मधला सुरळीचा कोंब राहू द्या. घशाला खाजू नये म्हणून चिंच कमी करू नका, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता मात्र लावू नका. आमच्याकडच्या थंडीत ते झोपतं, डिसेंबरात पानं गळून नुसता कंद राहतो, आणि नवीन लावलेला त्या वेळी कुजतो. होळी झाली की मी कंद काढून वेगळे करते. तेव्हा मासिकाच्या पत्त्यावर चिठ्ठी टाका, तुमच्यासाठी दोन ठेवते. येताना कापडी पिशवी आणा, ओले असतात.